मुलांना ‘हॅव-हॅज’ शिकवायचं: सूत्राने, मराठीतून की खेळातून?

मराठी बोलणाऱ्या सात-आठ वर्षांच्या मुलांना इंग्रजीतला पूर्ण वर्तमानकाळ शिकवायचा म्हटलं की पहिला प्रश्न असतो सुरुवातीचा. फळ्यावर सूत्र लिहायचं, मराठी वाक्याचा हात धरायचा, की वर्गात काहीतरी करून दाखवायचं? मी तिन्ही करून पाहिलंय. तिन्हींतून मुलं शिकतात, पण चुका मात्र वेगवेगळ्या करतात. निवड करताना या चुकांकडे बघावं.

सूत्राचं थोडक्यात सांगतो. कर्ता, मग हॅव किंवा हॅज, मग क्रियापदाचं तिसरं रूप. पाच मिनिटांत सांगून होतं, वह्या तपासायला सोपं जातं आणि ‘कंसातील क्रियापदाचे योग्य रूप लिहा’ या प्रश्नाला हमखास मार्क मिळतात. ‘गो-वेंट-गॉन, टेक-टुक-टेकन’ पाढ्यासारखं म्हणायला मुलांना मजाही येते. पण सूत्रात ‘कसं’ असतं, ‘केव्हा’चा पत्ता नसतो. तोच पाढा घडाघडा म्हणणाऱ्या मुलाची पेन्सिल हरवली की तो ‘माय पेन्सिल नो’ म्हणून उभा राहतो.

मराठीच्या वाटेवर मात्र जरा थांबायला हवं, कारण सगळ्यात जास्त फायदा तिथेच आहे आणि सगळ्यात जास्त खड्डेही तिथेच. फायदा असा, की अर्थ मुलांकडे आधीपासून असतो. ‘ताई बाहेर गेली’ आणि ‘ताई बाहेर गेलीये’ यांतला फरक त्यांना कुणी शिकवलेला नसतो, तरी दुसऱ्या वाक्यावरून ताई आत्ता घरात नाही हे बरोबर कळतं. ‘शी वेंट आउट’ आणि ‘शी हॅज गॉन आउट’ तिथेच नेऊन बसवता येतं. ‘जाऊन आलीये’ म्हटलं की ‘हॅज बीन’ही मिळतं. ‘गेली आहे’चं बोलताना ‘गेलीये’ होतं, तसंच ‘शी हॅज’चं ‘शीज’ होतं, हे तर मुलं हसत हसत मान्य करतात.

आता खड्डे. मुलांनी ‘आहे’ म्हणजे ‘इज’ किंवा ‘ॲम’ असं आधीच पक्कं केलेलं असतं, त्यामुळे ‘मी पाहिलं आहे’चं बिनदिक्कत ‘आय ॲम सीन’ होतं. हा खड्डा सगळ्यांना माहीत असतो. दुसरा मला एका मुलीने दाखवला. ‘तिने दोन पुस्तकं वाचली आहेत’ या वाक्याचं इंग्रजी तिने ‘शी हॅव रेड टू बुक्स’ असं केलं होतं. मी लाल रेघ मारली. ती वही घेऊन परत आली, ‘आहेत’वर बोट ठेवलं आणि म्हणाली, “सर, पुस्तकं दोन आहेत ना?” तिचं मराठी व्याकरण अगदी बरोबर होतं! कर्मणी प्रयोगात क्रियापद कर्माच्या मागे जातं. इंग्रजीतलं हॅव-हॅज कर्त्याशिवाय कुणाकडेच बघत नाही. तेव्हापासून मी एकच वाक्य ‘तिने एक पुस्तक’, ‘तिने दोन पुस्तकं’, ‘त्यांनी एक पुस्तक’ असं फिरवून घेतो आणि दर वेळी विचारतो, “कुणी?”

तिसरा खड्डा ‘काल’चा. ‘मी काल अभ्यास केलाय’ हे मराठीत चालून जातं. ‘आय हॅव डन इट येस्टरडे’ चालत नाही. येस्टरडे आलं की साधा भूतकाळ. आणि चौथा ‘पासून’चा. ‘मी दोन वर्षांपासून इथे राहतो’ यात मराठी क्रियापद वर्तमानात असतं, म्हणून ‘आय लिव्ह हिअर सिन्स टू इयर्स’ होतं. इथे मराठीच मदतीला येते: वाक्य ‘गेली दोन वर्षं’ असं फिरवलं की ‘फॉर’ आणि ‘सोमवारपासून’ असेल तर ‘सिन्स’. क्रियापद मात्र दोन्हीकडे ‘हॅव लिव्हड’.

खेळाची वाट यातले बरेच खड्डे टाळते. माझा आवडता खेळ म्हणजे मुलांना डोळे मिटायला सांगायचं, खिडकी उघडायची, खुर्ची उलटी ठेवायची, एकाची पिशवी दुसऱ्याच्या बाकावर न्यायची. डोळे उघडले की ओळखा, मी काय काय केलंय? ‘यू हॅव ओपन्ड द विंडो!’ खिडकी समोर उघडीच असते, म्हणजे क्रिया संपली पण परिणाम शिल्लक आहे, हे सांगायला व्याख्या लागत नाही. कुणी ‘यू हॅव टुक द बॅग’ म्हणालं तर ‘येस, आय हॅव टेकन द बॅग’ म्हणून पुढे जायचं. तोटा उघड आहे: चाळीस मुलांच्या वर्गात तेच सात-आठ हात वर राहतात, आणि ऐकलेलं कागदावर उतरेलच असं नाही.

मग निवडायचं काय? परीक्षा आठवड्यावर आली असेल तर सूत्र, उगाच अपराधी वाटून घेऊ नका. हातात महिना-दोन महिने असतील तर आधी खेळ, लगेच त्याच वाक्यांना मराठी जोड, आणि तीन रूपांचा पाढा शेवटी, तोही खेळात आलेल्या दहा-बारा क्रियापदांपुरता. घरी एकाच मुलाला शिकवणाऱ्या पालकांनी मराठीपासून सुरुवात केली तरी चालेल, कारण खड्डा आला की तिथल्या तिथे थांबता येतं. मोठ्या वर्गात तेवढी सवड नसते.

इंग्लंडमध्ये २०१४पासून लागू झालेल्या अभ्यासक्रमात ‘ही वेंट आउट टु प्ले’ आणि ‘ही हॅज गॉन आउट टु प्ले’ हा फरक ‘इयर थ्री’ला, म्हणजे ७-८ वर्षांच्या मुलांना दाखवतात. तिथली बरीच मुलं ते घरी रोज बोलत असतात, त्यांना फक्त नाव शिकायचं असतं. त्यांच्यासाठी केलेली वर्कशीट जशीच्या तशी आपल्या मुलांपुढे ठेवू नका. आणि अमेरिकन कार्टून बघणारं मूल ‘आय ऑलरेडी फिनिश्ड’ म्हणालं तर बोलण्यात ते चूक धरू नका. अमेरिकेत सर्रास तसंच म्हणतात.

‘हॅड’ला मात्र या वयात हात लावू नये असं माझं मत. ‘मी काल आलो होतो’ हे आपण येताजाता म्हणतो, आणि त्याचं ‘आय हॅड कम येस्टरडे’ एकदा तोंडात बसलं की सुटता सुटत नाही.