पद्मिनीची हँडलं प्लेटिंगला देताय? थांबा जरा

ज्यांच्याकडे अजून पद्मिनी किंवा जुनी फियाट गाडी आहे त्यांच्यासाठी लिहितोय, बाकीच्यांनी सोडून दिलं तरी चालेल. आमची १९८६ ची, बाबांनी घेतलेली. ड्रायव्हर साइडच्या दरवाजाचं बाहेरचं हँडल बुडातून मोडलं, मझाकचं (जस्ताच्या मिश्रधातूचं) असतं ते, जुनं झालं की ठिसूळ होतं आणि एक दिवस सरळ हातात येतं. कुर्ल्याचा कारखाना बंद होऊन वीसपेक्षा जास्त वर्षं झाली, त्यामुळे ओरिजिनल नवा पार्ट म्हणजे कुणाच्या तरी माळ्यावर पडून असेल तरच.

वागळे इस्टेटमध्ये ओळखीतून एक जण भेटला. म्हणे, "दादा, जुन्या स्टॉकचं पॅकबंद हँडल आहे माझ्याकडे, पण एकच नवीन लावलं तर बाकीची तीन फिकी दिसतील, तीही काढून घेतो, प्लेटिंग करून सेट मॅच करून देतो." बोलणं इतकं पद्धतशीर की विचारू नका. मझाकवर आधी तांबं, मग निकल, मग क्रोम, तांब्याचा थर नसला तर निकलच्या टाकीत मझाक खाल्लं जातं, हे सगळं त्याने सांगितलं आणि ते खरंच आहे, नंतर रबाळेच्या एका प्लेटिंगवाल्यानेही तेच सांगितलं. ह्या लोकांची खुबी हीच, नव्वद टक्के खरं बोलतात.

हँडलं परत आली ती आरशासारखी चकाचक. चुंबक लावून दाखवला, चिकटला नाही, "बघा, लोखंड नाही, ओरिजिनल!" अहो पण मझाक असो, पितळ असो नाहीतर प्लास्टिक, चुंबक कशालाच धरत नाही, मग सिद्ध काय झालं? पैसे यूपीआयने गेले तेही भलत्याच नावावर, आणि बिल म्हणजे कागदावर "हँडल काम" एवढंच.

पहिल्या पावसात पापुद्रे निघायला लागले. चावी लॉकमध्ये गरगर फिरतेय, हँडलखालचं रबर लावलेलंच नाही म्हणून पाणी दरवाजात उतरून ट्रिमचा, म्हणजे दरवाजाच्या आतल्या आवरणाचा, पुठ्ठा फुगला. एक काढून किचनच्या वजनकाट्यावर ठेवलं, शेजारी ते मोडकं जुनं, आणि मोडकंच जड! चारही प्लास्टिकची निघाली. फोन केला तर म्हणाला तुमची जुनी ॲसिडमध्ये विरघळली. तिन्ही? आता फोनच उचलत नाही.

त्याला हँडल विकायचंच नव्हतं हो, त्याला माझी चांगली तीन हवी होती. गाड्या रिस्टोअर करणारे अशा सुट्या ओरिजिनल पार्टसाठी वाट्टेल ते मोजतात.

तर जे मोडलंय तेवढंच द्या. बाकीची द्यावीच लागली तर आतल्या बाजूला खिळ्याने खूण करा, तिचा फोटो काढा, वजन लिहून ठेवा आणि बिलावर "ग्राहकाची जुनी हँडलं ३ नग, मझाक" असं लिहून घ्या, कुरकुर केली तर उठा तिथून. ट्रिम उघडून फिटिंग चालू असताना समोर उभे राहा. मी १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार टाकलीय, बघू.

आणि हो, मागच्या डाव्या हँडलच्या बोल्टला बाबांनी पितळेचा वॉशर घातला होता, कडेला कानस मारलेला. चोर बाजारात किंवा कुर्ल्याला तसं कुणाला विकायला दिसलं तर कळवा, मी येऊन घेऊन जाईन.