लेस जोडायला एज जॉइनिंग फूट घ्यावा की साधा फूट पुरे?

फूट म्हणजे सुईखाली कापड दाबून धरणारा भाग; एज जॉइनिंग फूटला दोन कडा भिडवायला मधोमध एक पातं असतं. मशीनला झिगझॅग (सुई डावी-उजवीकडे जात घातलेला नागमोडी टाका) नसेल तर एज जॉइनिंग फूट घेऊ नका. घरोघरी दिसणारं जुनं काळं मशीन फक्त सरळ टाका घालतं, आणि त्याची सुई डावी-उजवीकडे सरकत नाही. एज जॉइनिंग फूटचं पातं मध्यात आणि सुईही मध्यात, म्हणजे टाका नेमका कडेवर पडतो आणि लेस धरलीच जात नाही. अशा मशीनवर लेस कापडावर ठेवून साध्या फूटने कडेपासून 1 ते 2 मिमी आत सरळ शिवणंच बरं.

झिगझॅग असेल तर मात्र विचार करावा.

या फूटच्या मधोमध, सुईच्या पुढे, धातूचं एक पातळ उभं पातं असतं. लेसची एक पट्टी पात्याच्या डावीकडे, दुसरी उजवीकडे, दोन्हींच्या दाट कडा पात्याला टेकलेल्या. पातं संपलं की कडा एकमेकींना भिडतात आणि सुई एकदा इकडे, एकदा तिकडे उतरते. साध्या झिगझॅग फूटने हेच काम होतं, पण कडा नजरेने भिडवाव्या लागतात. वीतभर जोडायचं असेल तर काही अडत नाही. साडीला साडेपाच मीटर लांब पट्टी जोडायची असेल तर दोन-तीन मीटरनंतर डोळे दगा देतात: कुठे कडा एकमेकींवर चढतात, कुठे फट राहते. पात्याचा खरा फायदा लांब आणि सरळ जोडातच आहे.

टाक्याची रुंदी 2 ते 2.5 मिमी, लांबी 1 ते 1.5 मिमी ठेवा. सुई 9 किंवा 11 नंबरची, दोरा बारीक, वरचा ताण किंचित सैल. ताण जास्त राहिला तर जोड मधोमध उभा राहतो, पन्हाळीसारखा. कापडावर लेस ठेवून शिवायची असेल तर पातं लेसच्या कडेला लावा, टाका सरळ करा आणि सुई लेसच्या बाजूला 1 ते 2 मिमी सरकवा. सुई सरकवायची सोय नसलेलं मशीन असेल तर इथे पुन्हा साधाच फूट. सेटिंग काहीही असो, मोटर चालू करण्याआधी चाक हाताने एक पूर्ण फेरा फिरवा. सुई पात्याला किंवा सुईखालच्या धातूच्या प्लेटला घासली तर तिथेच कळतं. सरळ टाक्याची लहान भोकाची प्लेट बसलेली राहिली असेल, तर झिगझॅगच्या पहिल्या झोक्यालाच सुई मोडते.

सुरुवातीलाच लेस प्लेटच्या भोकात ओढली जाऊन गुंता होतो, ही तक्रार दोन्ही फूटची. लेस जाळीदार, कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांना पकडायला कापडच नाही. म्हणून आधी चिंधीच्या तुकड्यावर चार टाके घाला आणि न थांबता लेसवर या, दोन्ही दोऱ्यांची टोकं मागे धरून. तरीही नेट लेस चुणत असेल तर खाली बटर पेपरची पट्टी घाला. शिवून झाल्यावर ती अलगद फाटून निघते. लेस पुढून ओढू मात्र नका. ताणलेली लेस शिलाई संपली की आकसते आणि कापडाला चुण्या पडतात. दोष फूटला दिला जातो, चूक हाताची असते.

वळणावर साधा फूट जिंकतो. ब्लाउजच्या गोल गळ्यावर पातं आडवं येतं, कड त्याच्यापासून सुटते. मणी-टिकल्यांची लेस असेल तर दोन्ही सोडून चेनचा एकतर्फी फूट लावा, म्हणजे मणी फूटखाली येत नाहीत. अगदी जड असेल तर हातशिलाईच.

आणखी एक: सुती क्रोशाची लेस आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्या. नाहीतर पहिल्या धुण्यात लेस आटते, कापड आटत नाही, आणि बरोबर जोडलेला काठही वेडावाकडा दिसतो.

घ्यायचंच ठरलं, तर दुकानात जाताना मशीनचा सध्याचा फूट सोबत न्या. फूट दाबून बसतो की स्क्रूने, आणि शँक (फूट ज्यावर बसतो तो दांडा) लो की हाय, हे दोन्ही जुळायला हवं. लो शँकमध्ये फूट खाली असताना स्क्रूपासून प्लेटपर्यंतचं अंतर साधारण 2 सेंमी असतं. हाय शँकमध्ये ते बरंच जास्त. पातं बोटाने हलवून बघा: डुगडुगणारं पातं लेसला सरळ नेऊच शकत नाही.