अटोरवास्टॅटिनची जेनेरिक गोळी : खर्च कमी, गुण तोच

कोलेस्टेरॉलवरची गोळी बहुधा वर्षानुवर्षे घ्यावी लागते, म्हणून तिच्या किमतीतला लहानसा फरकही कालांतराने मोठा होतो. लिपिटॉर या मूळ ब्रँडऐवजी जेनेरिक अटोरवास्टॅटिन घेऊ लागल्यापासून माझा खर्च बराच उतरला आणि तपासणीत एलडीएलचे, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉलचे, प्रमाण पूर्वीइतकेच राहिले. यात नवल नाही. औषधद्रव्य तेच असते, आणि ते रक्तात मूळ गोळीइतक्याच प्रमाणात व वेगाने पोहोचते हे दाखवल्याशिवाय नियामक संस्था जेनेरिकला मान्यता देत नाहीत. रंग, आकार आणि बांधणीसाठी वापरलेले घटक तेवढे वेगळे असू शकतात. एखाद्या घटकाची ॲलर्जी असेल तर वेष्टनावरील यादी अवश्य वाचावी.

अटोरवास्टॅटिन दिवसाच्या कोणत्याही वेळी घेता येते, ही सोय मला फार मोलाची वाटते. अनेकदा २० आणि ४० मिलिग्रॅमच्या गोळ्यांच्या किमतीत फारसे अंतर नसते, त्यामुळे मोठी गोळी अर्धी करून घेणे स्वस्त पडते. मात्र हे डॉक्टरांना विचारून, गोळी कापण्याच्या साधनानेच करावे आणि कॅप्सूलच्या बाबतीत मुळीच करू नये. दोनतीन महिन्यांचा साठा एकदम घेतल्यासही काही ठिकाणी सवलत मिळते.

पैसे वाचवण्यासाठी एक दिवसाआड गोळी घेण्याचा विचार मनात आलाच, तर आधी डॉक्टरांशी बोलावे, कारण परवडणारा दुसरा स्टॅटिन (अटोरवास्टॅटिनच्याच गटातले कोलेस्टेरॉलवरचे औषध) ते सहज सुचवू शकतात.