१८.२ दाखवणारं पाणी आणि तरीही येणारे घोस्ट पीक: प्रयोगशाळेतल्या यंत्राचा वापरानंतरचा अनुभव

अल्ट्राप्युअर पाण्याचं यंत्र घ्यायचं ठरवत असाल तर विक्रेत्याला पहिला प्रश्न हा विचारा: टीओसी मीटर (पाण्यातला एकूण सेंद्रिय कार्बन मोजणारा) आत बसवलेला आहे का? नसेल तर ग्रेडियंट एचपीएलसी (मिश्रणातले घटक कॉलममधून वेगळे करून मोजायची पद्धत, जिच्यात पाणी आणि सॉल्व्हंटचं प्रमाण रनमध्ये बदलत जातं) चालवणाऱ्यांनी त्या मॉडेलच्या वाटेला जाऊ नये, किंमत कितीही कमी असो. आमच्या वाळूजच्या क्यूसी (गुणवत्ता तपासणीच्या) लॅबमध्ये गेल्या पावसाळ्यात बसवलेल्या यंत्रात तो आहे. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. आरओ, आयन-एक्सचेंज रेझिन, यूव्ही दिवा आणि शेवटी ०.२२ मायक्रॉनचा फिल्टर ही मांडणी या वर्गात सगळीकडे थोड्याफार फरकाने तीच असते.

पडद्यावर ठळक दिसतं ते १८.२ मेगाओहम-सेंटीमीटर. २५ अंशांना पाण्याची रोधकता याच्या वर जातच नाही, कारण अगदी शुद्ध पाण्यातही त्याचे स्वतःचे आयन असतात. ऑडिटर हा आकडा बघून खूश होतात. पण त्यावरून कळतं ते फक्त आयनांचं. प्लास्टिकमधून उतरलेल्या फ्थॅलेटसारख्या पदार्थांवर विद्युतभार नसतो, त्यामुळे रोधकतेचा मीटर त्यांना पकडत नाही. एचपीएलसीचा सी-१८ कॉलम (तेलकट पदार्थ धरणाऱ्या भुकटीने भरलेली नळी) मात्र नेमके तेच धरून ठेवतो. मोबाइल फेजमध्ये (कॉलममधून वाहणाऱ्या द्रवात) पाणी जास्त असेपर्यंत ते कॉलमच्या तोंडाशी साचत राहतात आणि ॲसिटोनायट्राइल हे सॉल्व्हंट वाढलं की आलेखावर पीक (उंचवटा) होऊन बाहेर पडतात. नमुन्यात नसलेल्या पदार्थांचे हे पीक म्हणजेच घोस्ट पीक.

आमच्याकडे नेमकं हेच झालं. इम्प्युरिटी (अशुद्धी) मोजायची मेथड, डिटेक्टर २१० नॅनोमीटरवर, आणि ब्लँकमध्येच (नमुना नसलेल्या रनमध्येच) ग्रेडियंटच्या उत्तरार्धात तीन-चार पीक. सर्वांचा पहिला संशय नव्या यंत्रावर. सर्व्हिस इंजिनिअर आला, १८.२ दाखवून गेला.

इथे एक साधी चाचणी फार कामाला येते. इंजेक्शन न देता ग्रेडियंट चालवा, फक्त सुरुवातीच्या, जास्त पाण्याच्या कंपोझिशनवर कॉलम एकदा दहा मिनिटं थांबवा, एकदा तीस. थांबण्याचा वेळ वाढला तसे पीक वाढले, तर घाण ए चॅनेलमधून येतेय, म्हणजे पाण्यातून, बफरच्या मिठातून किंवा त्या वाटेवरच्या नळ्यांतून. आमचे वाढले. मग बफर वगळला आणि ए लाइनला बाटलीबंद एलसी-एमएस ग्रेडचं (अतिशुद्ध) पाणी लावलं. बेसलाइन सपाट. मग यंत्रातून थेट काचेच्या बाटलीत घेतलेलं ताजं पाणी लावलं, तीही जवळजवळ सपाट! म्हणजे यंत्र सुटलं. अडकले ते दोघे: डिस्पेन्सरच्या तोंडाला सोयीसाठी जोडलेली मऊ नळी, आणि रोज सकाळी भरून ठेवायचा प्लास्टिकचा वीस लिटरचा कॅरबॉय. दोन्ही काढल्यावर ब्लँक सुधारला. बोरोसिलिकेटच्या बाटल्या वेगळ्या ठेवल्या. त्या साबणाने धूत नाही, त्याच पाण्याने विसळतो. शिवाय उघड्यावर ठेवलेलं पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषतं आणि त्याची रोधकता काही मिनिटांत घसरते. म्हणून साठवलेल्या पाण्याला १८.२चं पाणी म्हणण्यात तसाही अर्थ नाही.

यंत्राच्या तक्रारीही आहेत. रविवारची सुट्टी झाली की सोमवारी टीओसी चढलेला असतो. पहिले काही लिटर सोडून दिल्यावर तो पाच पीपीबीच्या (अब्जात पाच भागांच्या) खाली येतो. रीसर्क्युलेशनचा (पाणी आतल्या आत फिरवत ठेवायचा) मोड आहे, पण आमच्याकडे सुट्टीला मेन स्विचच बंद करतात, आणि त्या बाबतीत मेंटेनन्सवाल्यांशी वाद घालून मी थकलोय. यूव्ही दिव्याचंही लक्षात ठेवा. १८५ नॅनोमीटरचा प्रकाश सेंद्रिय पदार्थ तोडतो, २५४चा जंतू मारतो. दिवा जुना झाला की १८५ मंदावतो, पण दिवा पेटलेलाच दिसतो. ते कळायला पुन्हा टीओसीच लागतो.

खर्चाचा खरा फटका कार्ट्रिजचा. जायकवाडी धरणाचं पाणी पावसाळ्यात गढूळ आलं की प्रीफिल्टर भराभर तुंबतात, ते एक वेळ स्वस्तात निभतं. उन्हाळ्यात टँकरने बोअरचं पाणी आलं तेव्हा मात्र रेझिन कार्ट्रिज अपेक्षेपेक्षा बरंच लवकर संपलं. बोअरच्या पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड असतो. आरओ मेम्ब्रेन क्षार अडवतं, पण हा वायू पार होतो आणि रेझिनवर जाऊन बसतो. कडकपणासाठी सॉफ्टनर लावून हा प्रश्न सुटत नाही, डीगॅसर (विरघळलेला वायू काढणारं उपकरण) लागतो. कोटेशन मागताना फीड वॉटरचा (यंत्रात येणाऱ्या पाण्याचा) उन्हाळ्यातला रिपोर्ट द्या, पावसाळ्यातला नको.

असं यंत्र पुन्हा विकत घेईन का? रोज पाच-सात लिटर मोबाइल फेज लागत असेल तर नक्की. आठवड्यातून एखादीच आयसोक्रॅटिक (प्रमाण न बदलणारी) रन असेल तर बाटलीबंद एचपीएलसी ग्रेड पाणी स्वस्त पडतं. फक्त उघडलेली बाटली दिवसेंदिवस वापरू नका. आणि फॉस्फेट बफर ताजा करा. शिळ्या बफरात जंतू वाढून इनलेट फिल्टर तुंबला की त्याचाही ठपका बिचाऱ्या यंत्रावरच येतो.