‘क्लास झीरो’चा खोटा दाखला: कॉम्प्रेस्ड हवेच्या व्यवहारातील फसवणूक

भोसरी एमआयडीसीतील आमच्या लहान कारखान्यात आम्ही शाम्पू, हँडवॉश, बॉडी लोशन आणि फरशी पुसण्याचे द्रव अशी उत्पादने इतर ब्रँडसाठी तयार करून देतो. आमच्या कॉम्प्रेसरची एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) घेतलेल्या कंत्राटदाराने नवे आणि मूळ कंपनीचे म्हणून बनावट फिल्टर एलिमेंट (फिल्टरच्या आत बसणारा, हवा गाळणारा बदलता भाग) आमच्या गळ्यात मारले आणि ते झाकण्यासाठी हवेच्या शुद्धतेचा खोटा चाचणी अहवाल दिला. प्रकरण पोलिसांकडे असल्यामुळे त्याचे नाव येथे लिहीत नाही; मात्र त्याची पद्धत सविस्तर लिहितो, कारण तो अजूनही याच पट्ट्यात ‘मोफत एअर ऑडिट’ करून देत फिरत असल्याचे कानावर येते.

आमच्याकडे भरण्यापूर्वी प्रत्येक बाटली उलटी करून आत हवेचा झोत मारला जातो, त्यामुळे कॉम्प्रेसरची हवा थेट बाटलीच्या आतील भिंतीला लागते. हवा दाबताना आत तेल सोडणारा ऑइल-इंजेक्टेड स्क्रू कॉम्प्रेसर सुस्थितीत असला, तरी तेल वेगळे करणाऱ्या सेपरेटरनंतर दर घनमीटर हवेत साधारण 2 ते 5 मिलिग्रॅम तेल उरतेच. शिवाय हवा 7 बारपर्यंत दाबली की आठ घनमीटर हवा एका घनमीटरात मावते आणि शेजारच्या शेडमधील पेंटचा वास, धूर, दमटपणा हे सारे त्याच प्रमाणात घट्ट होते. म्हणून हवा कोरडी करणारा ड्रायर, त्यानंतर तेलाचे सूक्ष्म थेंब पकडणारा कोअलेसिंग फिल्टर आणि शेवटी तेलाची वाफ शोषणारा ॲक्टिव्हेटेड कार्बन फिल्टर अशी साखळी लागते. यातील कार्बनचा टप्पा सर्वांत महत्त्वाचा, कारण कोअलेसिंग फिल्टर कितीही बारीक असला तरी वाफ त्यातून सरळ निघून जाते.

एलिमेंट बदलून झाल्यावर कंत्राटदाराने आम्हाला फिल्टरवरील डिफरन्शियल प्रेशर गेज, म्हणजे फिल्टरच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबातला फरक दाखवणारा मापक, दाखवला. काटा शून्यावर होता. ‘‘साहेब, झीरो ड्रॉप आहे, आता लाइट बिल बघा,’’ असे तो म्हणाला. दाब 1 बारने वाढवला की वीज साधारण 6 ते 7 टक्के जास्त लागते, ही गोष्ट खरी आहे आणि खोट्याला अशा खऱ्याची जोड दिल्यामुळेच त्याचे बोलणे पटण्याजोगे होते. प्रत्यक्षात तेलाने भिजलेले चांगले कोअलेसिंग एलिमेंट थोडा तरी दाब खातेच. कॉम्प्रेसर पूर्ण भारावर चालू असताना काटा जागचा हलत नसेल, तर एक तर गेज बिघडलेला असतो किंवा हवेच्या वाटेत गाळणारे काहीच नसते.

पितळ उघडे पडले ते बिनसुगंधी लोशनमुळे. एका ग्राहक कंपनीने बाटल्यांना मशीनच्या तेलासारखा वास येत असल्याचे कळवून माल परत पाठवला. फरशीच्या द्रवात किंवा गुलाबाच्या शाम्पूत हा वास कधीच उघड झाला नसता, आणि माझ्या मते अनेक कारखान्यांत तो आजही असाच लपलेला असेल. ब्लोइंग नोझलसमोर पांढरा टिपकागद धरून ठेवल्यावर त्यावर फिकट पिवळे कडे उमटले.

त्यानंतर आमच्या फिटरकाकांनी दोन्ही एलिमेंट हॅक्सॉने उभे चिरले. कोअलेसिंग एलिमेंटवरील फोमचे आवरण कोरे करकरीत होते. त्याखालचे काचतंतूंचे माध्यम मात्र खरवडून काढलेले होते आणि उरली होती ती फक्त छिद्रांची पत्र्याची नळी. टोपीच्या कडेला जुन्या गोंदावर नवा गोंद ओतलेला स्पष्ट दिसत होता. वरून कीर्तन, आतून तमाशा! कार्बनच्या एलिमेंटमध्ये काळा स्पंज निघाला. तो गरम पाण्यात टाकताच पाणी काळे झाले आणि स्पंज करडा पडला. कार्बन पाण्यात विरघळत नाही. विरघळला तो रंग होता.

मग अहवाल पुन्हा वाचला. त्यात कॉम्प्रेस्ड हवेच्या शुद्धतेचे वर्ग ठरवणाऱ्या आयएसओ 8573-1 या मानकाप्रमाणे ‘क्लास 0, तेल शून्य’ एवढेच लिहिले होते. या मानकात क्लास 0 म्हणजे शून्य तेल नव्हे. वापरणारा आणि पुरवठादार यांनी लेखी ठरवलेली, क्लास 1 पेक्षा कडक अशी मर्यादा म्हणजे क्लास 0, आणि क्लास 1 मध्येच एकूण तेल दर घनमीटरला 0.01 मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. त्यामुळे आकडा नसलेल्या क्लास 0 ला काही अर्थ नाही. त्याहून ढळढळीत गोष्ट म्हणजे दवबिंदू, म्हणजे हवेतील वाफेचे पाणी होऊ लागते ते तापमान, उणे 40 अंश दाखवला होता. आमचा ड्रायर रेफ्रिजरेटेड, म्हणजे हवा थंड करून पाणी काढणाऱ्या प्रकारचा आहे. त्यात पाणी गोठू नये म्हणून दवबिंदू साधारण 3 अंशांच्या खाली नेताच येत नाही, उणे 40 साठी ओलावा शोषणारे दाणे असलेला डेसिकंट ड्रायर लागतो. नमुना घेतल्याची तारीख तर गुरुवारची होती, आणि गुरुवार हा आमच्या साप्ताहिक सुट्टीचा दिवस. अहवालावर प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या एनएबीएल या राष्ट्रीय मंडळाचे बोधचिन्ह होते, पण मान्यताप्राप्त अहवालावर असायला हवा तो यूएलआर क्रमांक (प्रत्येक अहवालाचा स्वतंत्र क्रमांक) नव्हता. छापलेला प्रमाणपत्र क्रमांक एनएबीएलच्या संकेतस्थळावर तपासला असता तो काँक्रीट आणि पोलाद तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेचा निघाला. त्या बिचाऱ्यांना याची गंधवार्ताही नव्हती.

सौंदर्यप्रसाधनांच्या उत्पादनपद्धतीचे आयएसओ 22716 हे मानक कॉम्प्रेस्ड हवेसाठी आकड्यांची मर्यादा घालून देत नाही, ती उत्पादकाने जोखीम पाहून स्वतः ठरवायची असते. या मोकळ्या जागेत असे लोक बरोबर शिरतात. आता आम्ही पर्चेस ऑर्डरमध्येच कण, पाणी आणि तेल यांचे वर्ग, नमुना घेण्याची जागा (कॉम्प्रेसर रूम नव्हे, फिलिंग मशीनचे नोझल) आणि तेलाची वाफ स्वतंत्रपणे मोजण्याची अट लिहितो. प्रयोगशाळा आम्ही निवडतो आणि तिचे पैसेही आम्हीच देतो.

दाद मागण्याबाबत एक गोष्ट आधीच ठाऊक असलेली बरी. खरेदी व्यावसायिक कारणासाठी असल्यामुळे 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली आमची तक्रार टिकणार नाही, असे वकिलांनी स्पष्ट सांगितले. त्यामुळे भारतीय न्याय संहितेच्या फसवणुकीच्या 318 आणि बनावट दस्तऐवजाच्या 336 या कलमांचा उल्लेख करून आम्ही पोलिसांकडे अर्ज दिला आहे. चिरलेली एलिमेंट, ‘मूळ कंपनीचे’ असे लिहिलेले जीएसटी बिल आणि परत आलेल्या बाटल्या पंचनाम्यासाठी सीलबंद ठेवल्या आहेत.

हा कंत्राटदार प्रत्येक वेळी जुनी एलिमेंट ‘पर्यावरणाच्या नियमाने विल्हेवाट लावतो’ म्हणून आग्रहाने सोबत नेत असे, आणि त्यापोटी बिलात थोडी सूटही देत असे. त्यांचे पुढे काय होत असावे, हे त्या नव्या फोमखालच्या जुन्या नळीने दाखवून दिले. आम्ही आता बदललेले प्रत्येक एलिमेंट कापूनच कारखान्याबाहेर जाऊ देतो.