रॉयल रूस्टमधला पार्कर: चार सीडींचा एक संच

जॅझ सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करचा ‘द कम्प्लीट लाइव्ह परफॉर्मन्सेस ऑन सॅव्हॉय’ हा चार सीडींचा संच (सॅव्हॉय ही त्याची रेकॉर्ड कंपनी) घ्यावा का, असं माझ्याकडे तबला शिकणाऱ्या एका मुलाने विचारलं. घे म्हटलं, पण सगळं एका बैठकीत ऐकू नकोस.

संचाचा गाभा म्हणजे न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरच्या रॉयल रूस्ट क्लबातून रेडिओवर गेलेली प्रक्षेपणं, सप्टेंबर १९४८ ते मार्च १९४९. ही जागा मुळात कोंबडी खायला जायची. बीबॉप, म्हणजे पार्कर आणि त्याच्या सोबत्यांनी घडवलेला वेगवान, गुंतागुंतीचा जॅझ, तिथे रुजल्यावर लोक तिला ‘मेट्रोपॉलिटन बॉपेरा हाउस’ म्हणू लागले. १९४८ साली वादकांच्या संघटनेने रेकॉर्डिंगवर बंदी घातली होती, ती १४ डिसेंबरला उठली. रेडिओवरच्या थेट वादनाला मात्र बंदी लागू नव्हती. घरी बसून हे कार्यक्रम रेडिओवरून तबकड्यांवर उतरवणारे बोरिस रोजसारखे हौशी होते, म्हणून आज आपल्याला ते ऐकायला मिळतात.

आवाज कसा आहे? सॅक्सोफोन आणि ट्रम्पेट समोर, पियानो जरा पत्र्याचा, टॉमी पॉटरचा बास बऱ्याच ठिकाणी ऐकायचा म्हणून ऐकावा लागतो. शिवाय निवेदक सिम्फनी सिड. त्याच्या घोगऱ्या, लडिवाळ बोलण्याचा मला सुरुवातीला वैताग यायचा. वाजवणारे सुरू झाले तरी हा गृहस्थ थांबत नाही. आता त्याच्याशिवाय हे वादन उघडंबोडकं वाटेल.

मी ऐकतो ते मुख्यतः ड्रमवादक मॅक्स रोचसाठी. लय झांजेवर चालू ठेवून पायाचा ड्रम तो मध्येच, अनपेक्षित जागी टाकतो. समेवर नव्हे, समेच्या आगेमागे. आणि पार्कर त्या ठोक्यावर वाक्य फिरवतो. तीन मिनिटांच्या तबकडीत हा संवाद जेमतेम सुरू होतो. इथे गाणी बरीच लांब जातात, तेव्हा दोघांना श्वास मिळतो. पुढे काही कार्यक्रमांत जो हॅरिस ड्रमवर आहे. तो वाईट नाही, पण पार्करला चिमटा काढत नाही.

डिसेंबरातला बदल नक्की ऐका. ११, १२ आणि १८ तारखेला ट्रम्पेटवर माइल्स डेव्हिस आहे, नाताळच्या कार्यक्रमात त्याच्या जागी केनी डॉर्हम. माइल्स मधल्या सप्तकात सावकाश जागा शोधतो, डॉर्हम अंगावर येतो. मला हे दोघे एकापाठोपाठ ऐकायला आवडतात; डॉर्हम कमी दर्जाचा, हे ऐकीव मत सोडून द्यावं. नाताळच्या रात्री पार्कर ‘व्हाइट ख्रिसमस’ वाजवतो. चाल सरळ मांडतो, मग अशी फोडतो की मूळ चाल आठवायला लागते.

तक्रार एकच, आणि काही जणांना ती मोठी वाटेल. गाणी पुन्हा पुन्हा येतात. ‘स्लो बोट टू चायना’ आणि ‘ग्रूव्हिन हाय’ आलं की लोक पुढे सरकवतात. मी नाही. आमच्याकडे एकाच गायकाचा यमन वेगवेगळ्या मैफिलींतला ऐकतोच की. दोन शनिवारांचं ‘ग्रूव्हिन हाय’ शेजारी लावलं की पार्करची कोणती वाक्यं ठरलेली आणि कोणती त्या रात्रीची, ते कळतं. स्टुडिओतल्या रेकॉर्डवर हे कळायला मार्ग नाही.

संचात १९४७चा कार्नेगी हॉलमधला ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पीबरोबरचा कार्यक्रमही आहे. तो चढाओढीचा, झगझगीत आहे. बीबॉप अजिबात न ऐकलेल्याने तिथून सुरुवात करावी. १९५०चा शिकागोतला पर्शिंग बॉलरूमचा भाग मात्र आवाजानेच मार खातो. एकदा ऐकला, पुन्हा लावलेला नाही.