लिंक ओळखणारा कोड आणि 'फसवी लिंक'ची पट्टी: दुरुस्ती कुठे करायची?

कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीचं नोटीस अ‍ॅप मी आणि दोघं मित्र सांभाळतो. गेल्या वर्षी त्यावर एक लग्नपत्रिका आली. वरपित्याचं नाव 'श्री.भारत' असं सुरू होत होतं, ठिपक्यानंतर जागा न सोडता. निम्म्या पत्रिकांत ती नसतेच. पण '.भारत' हे २०१४ पासून '.कॉम'सारखं खरंखुरं डोमेन, म्हणजे वेबपत्त्याचा शेवट, आहे. लिंक ओळखणाऱ्या कोडने नाव निळं केलं आणि पत्ता बनवताना त्याचं प्युनीकोडमध्ये, 'एक्सएन'ने सुरू होणाऱ्या इंग्रजी अक्षरांत रूपांतर केलं. फसव्या लिंकची वॉर्निंग देणाऱ्या दुसऱ्या कोडला दिसलं की मजकूर एक आणि पत्ता भलताच, म्हणून नावाखाली लाल पट्टी आली. काकूंचा फोन आला, "अहो, यांच्या नावाखाली फसवं असं का लिहून येतंय?" मला फार वाईट वाटलं.

तुमच्याही अ‍ॅपमध्ये हे दोन कोड एकमेकांच्या अंगावर येत असतील, तर तीन वाटा आहेत.

पहिली म्हणजे ओळखणंच कडक करणं: एचटीटीपीएस किंवा डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू असेल तरच लिंक. एका संध्याकाळचं काम. फाइलींची नावं निळी होणं बऱ्यापैकी थांबतं ('.एमडी' हे मोल्दोव्हाचं डोमेन आहे, आणि '.झिप' २०२३ पासून कुणालाही घेता येतं). पण लोक महापालिकेचा वेबपत्ता नुसताच टाइप करतात, आणि ज्येष्ठ मंडळींना तो कॉपी करून ब्राउझरमध्ये टाकणं जमत नाही. शिवाय मूळ दुखणं राहतंच. मराठी विकिपीडियावरच्या 'पुणे' पानाचा पूर्ण पत्ता टाका: 'पुणे'चे ४ कोडपॉइंट (युनिकोडमधली चिन्हं: प, उकार, ण, मात्रा) म्हणजे १२ बाइट, आणि दर बाइटला टक्क्याचं चिन्ह व दोन अक्षरं धरून पत्त्यात ३६ अक्षरं. मजकुराशी अक्षर न् अक्षर ताडून पाहणारा कोड इथेही लाल होणार.

दुसरी वाट, तुलना शहाणी करणं. मजकूर आणि पत्ता दोन्ही एकाच यूआरएल पार्सरमधून (पत्त्याचे भाग सुटे करणाऱ्या कोडमधून) काढायचे आणि फक्त होस्ट, म्हणजे पत्त्यातलं साइटचं नाव, ताडायचा. एचटीएमएल ईमेल (वेबपानासारखी सजवलेली) दाखवत असाल तर याला पर्याय नाही, कारण तिथे मजकूर आणि पत्ता दोन्ही पाठवणाऱ्याच्या हातात असतात. पण होस्ट पूर्ण ताडा. 'यात ते आहे का' एवढंच पाहिलंत तर दार सताड उघडं राहतं. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत '.बँक.इन'वर यायला सांगितलं होतं. लोकांची नजर आता त्या शब्दांवर बसतेय, आणि भामटा तेच शब्द पत्त्याच्या मधोमध घालून शेवटी स्वतःचं डोमेन ठेवू शकतो. या वाटेने गेलात तरी क्लिक मोजणाऱ्या मधल्या सर्व्हरवरून जाणाऱ्या, निरुपद्रवी बातमीपत्रांवर पट्टी येत राहील. ते मी सहन करेन.

तिसरी मला सर्वांत पटते. लिंक कुणी बनवली याची खूण ठेवायची. साध्या मजकुरातून आपल्याच कोडने लिंक केली असेल, तर मजकूर हाच पत्ता असतो. दिसतंय एक आणि जातंय दुसरीकडे, हा प्रश्नच उरत नाही. ती तपासणी तिथे गाळायची.

मात्र तेवढीच. दिसायला सारख्या अक्षरांची तपासणी वेगळी आहे आणि ती राहायलाच हवी. २०१७ मध्ये एका संशोधकाने सगळी सिरिलिक (रशियन लिपीची) अक्षरं वापरून 'अ‍ॅपल'सारखं दिसणारं डोमेन नोंदवून दाखवलं होतं. तिथे मजकूर आणि पत्ता जुळतात, तरी माणूस फसतो. बऱ्याच कोडमध्ये या दोन तपासण्या एकाच फंक्शनमध्ये कोंबलेल्या असतात; आधी त्या वेगळ्या करा. आणि खूण मेसेज दाखवताना आपल्या कोडनेच लावायची, आलेल्या मेसेजमधून कधीही स्वीकारायची नाही. नाहीतर भामटाच ती लावून पाठवेल.

नुसत्या मजकुराचं चॅट असेल तर तिसरी वाट घ्या. ईमेल असेल तर दुसरी, आणि तुमचा कोड स्वतः बनवतो त्या लिंकांपुरती तिसरी. फक्त प्रोग्रामर वापरणार असतील तर पहिलीवर भागेल.

कुठलीही घेतलीत तरी रेजेक्स, म्हणजे मजकुरात लिंक शोधणारा नमुना, उघडून पाहा. युनिकोडचा 'लेटर' वर्ग घेतला आणि 'मार्क' वर्ग विसरला, की मात्रा-वेलांट्या बाहेर राहतात आणि 'पुणे'ची लिंक 'प'वरच तुटते. देवनागरीत चाचणी न घेणाऱ्यांच्या हे कधी लक्षातच येत नाही.

आमच्याकडे तिसऱ्या वाटेने लाल पट्टी गेली, पण नाव निळंच राहिलं. म्हणून पहिलीतला एक तुकडा उचलला: देवनागरी डोमेनपुढे एचटीटीपीएस असेल तरच लिंक. पत्रिका पुन्हा टाकून पाहिली. 'श्री.भारत' साध्या काळ्या अक्षरांत आलं, आणि मी काकूंना फोन लावला.